लाल दिव्यात कुंकू दिसत नाही

माळ्यावरचा डबा उतरवायचा की नाही, एवढाच प्रश्न होता. देवश्री म्हणाली, "राहू द्या. हात दाखवून अवलक्षण कशाला?" शैलेंद्रने लगेच उतरवला. (लग्नाला सत्तावीस वर्षं झाली, पण ‘राहू द्या’चा अर्थ ‘राहू द्या’ असाच असतो, हे या माणसाला अजून कळलेलं नाही.)

डब्यात निघालं शिप्रेकाठच्या, ऐंशी सालच्या सिंहस्थाच्या फिल्मचं रीळ. शैलेंद्रचे वडील तात्या त्या मेळ्यात राम घाटावर, हरवलेल्यांची नावं पुकारणाऱ्या खोया-पाया केंद्राच्या माइकवर बसायचे. कुठल्याशा खात्याने काढलेली ही फिल्म पुढे रद्दीत निघाली आणि तात्यांनी ती घरी आणून ठेवली. तात्यांना जाऊन आता एकोणीस वर्षं झाली होती. भिंतभर फोटो होते, आवाज मात्र कुठेच नव्हता.

"यांचा आवाज आहे त्यात?" अक्काने, शैलेंद्रच्या आईने, कानाचं मशीन चाचपत विचारलं. "मग मला साडीबिडी काही नको. तेवढा एकदा ऐकव."

झालं! पुढच्याच रविवारी माधव नगरच्या हॉलमध्ये अक्काचं सहस्रचंद्रदर्शन होतं. फिल्म एकदाही लावून न बघता शैलेंद्रने सगळ्या नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकलं: ‘तात्यांचा आवाज, दुपारी बारा वाजता.’ वर स्वतःचंही घोडं पुढे दामटलं. ‘आठ वर्षांचा मीही आहे त्यात. व्हॉलंटियर होतो! हरवलेल्या पोरांना पेढे वाटत होतो.’ ही पेढ्यांची गोष्ट देवश्रीला आता तोंडपाठ झाली होती.

प्रोजेक्टर शैलेंद्रच्या दोस्ताचा, नानाखेड्याच्या अनिलचा. त्याला जुन्या प्रोजेक्टरांचा नाद. "एकदम मॉडर्न केलाय भिया," तो म्हणाला. "फिल्मच्या कडेला आवाजाची रेघ असते. तिच्यातून उजेड जातो, रेघ वाचतो, की आवाज निघतो. आपण जुना बल्ब काढून लाल एलईडी टाकलाय. टेन्शन मत ले यार!"

रविवारी बारा वाजता पडदे ओढले, फिल्म सुरू झाली. शिप्रा गुलाबी, साधू गुलाबी, माइकसमोर बसलेले तात्याही गुलाबी. "फिल्म म्हातारी झाली की बाकीचे रंग उडतात," अनिल म्हणाला. तात्यांचे ओठ हलले. आवाज? नावाला नाही. नुसती खरखर.

"माझं मशीन बंद पडलं का रे?" अक्काने विचारलं.

"नाही गं, आम्हालाही काही ऐकू येत नाहीये," शैलेंद्र म्हणाला.

मग काय, सल्ल्यांना ऊत आला. कोणी म्हणे म्यूटवर असेल, कोणी म्हणे व्हॉल्यूम वाढव. शैलामावशी म्हणाली, "ब्लूटूथ चालू आहे का बघ."

"मावशी, पंचेचाळीस वर्षांची फिल्म आहे! तिला कसलं आलंय ब्लूटूथ!" शैलेंद्र खेकसला. मग वेळ मारून न्यायला त्याने स्वतःच कॉमेंट्री सुरू केली. "हा बघा, तात्यांच्या शेजारी, हातात पेढा... मी! आता तात्या सांगतायत, ‘या बालकाने फार सेवा केली...’"

अनिलने तीनदा रीळ मागे नेलं. तिन्ही वेळा तात्या मुके. शेवटी अक्काने कानातलं मशीन काढून मांडीवर ठेवलं. "राहू दे रे. दिसले, तेवढं पुरे."

अनिलची मान मुरगाळावी, की ग्रुपवर मेसेज टाकणारी स्वतःची बोटं, हे शैलेंद्रला ठरवता येईना.

देवश्री उठून प्रोजेक्टरशी आली. "भावजी, दिवा लाल आणि ती रेघही गुलाबीच ना?"

"सगळी फिल्मच गुलाबी झालीय वहिनी."

"मग कसं वाचणार? आमच्या देवघरात यांनी लाल झीरोचा बल्ब लावला होता. पाटावर सांडलेलं कुंकू कोणालाही दिसलं नाही आणि हे पांढऱ्या लेंग्याने त्यावर बसले. लाल दिव्यात कुंकू दिसत नाही हो! हिरवा लावा, काळंभोर दिसेल."

अनिलचा आ वासला. शैलेंद्रने सजावटीच्या माळेतला एक हिरवा दिवा तोडला (अर्धी माळ विझली, हॉलवाला ओरडला) आणि अनिलने तो चिकटपट्टीने आत बसवला. देवश्रीने मशीन पुन्हा अक्काच्या कानात घातलं.

खरखर झाली. आणि तात्या बोलले!

"ध्यान दीजिए! नीली निकर वाला एक बालक, नाम शैलेंद्र, सुबह से तीसरी बार गुमा है। बालक के पिता मिल गए हैं। पिता मैं ही हूं। बालक की माताजी जहां भी हों, इसे तुरंत ले जाएं। ये दूसरे बच्चों के सारे पेड़े खा गया है।"

हशाने हॉल कोसळायचाच बाकी होता. अक्का मात्र खुर्चीतून अर्धी उठली, डोळे भरून वाहत होते. "आले हो, आले!" ती पडद्याला म्हणाली. मग पदराने तोंड पुसून अनिलला म्हणाली, "परत लाव."

अक्काने फिल्म सात वेळा लावायला लावली. शैलेंद्र चारशे डोळ्यांदेखत सात वेळा हरवला. आठव्यांदा लागायच्या आधी तो हळूच तिथून सटकला.

पंगत मांडली, पण यजमान कुठे दिसेनात. तेव्हा देवश्रीने माइक हातात घेतला.

"ध्यान दीजिए! क्रीम कलर का झब्बा पहना हुआ एक बालक, उम्र तिरपन साल..."

स्वयंपाकघराच्या दारातून आचाऱ्याने हात वर केला. "बाईसाहेब, मिल गया! पर पेड़े अब पंगत को पूरे नहीं पड़ेंगे।"