सोबत हवी आहे

अनुस्वारकाका डोळ्यांच्या दवाखान्यातून परत आले, ते मोतीबिंदू जिथल्या तिथे घेऊनच. ऑपरेशन झालंच नव्हतं. काउंटरवरच्या मुलीने विचारलं होतं, "सोबत कोण आहे?"

"सोबत ही पिशवी आहे," काका म्हणाले. "यात आधीचे रिपोर्ट, टॉवेल आणि थेंबांची बाटली."

"पिशवी नाही काका, माणूस."

"यायला मला माणूस लागत नाही."

"यायला नाही, जायला लागतो. डोळ्यावर पट्टी असणार. सोबत कुणी नसेल तर डॉक्टर हात लावत नाहीत. आता पुढच्या गुरुवारी या. आणि दोघं या."

उभा जन्म छापखान्यात दुसऱ्यांच्या चुका काढण्यात गेल्यामुळे त्यांना अनुस्वारकाका हे नाव पडलं होतं. लिफ्टमधली सूचना असो की लग्नपत्रिका, खिशातलं पेन बाहेर यायचंच. पण परवा वाचनालयाच्या नव्या पाटीवरची ढळढळीत चूक त्यांना दिसली नाही, दुसऱ्याच कुणीतरी दाखवली. ते त्यांच्या फार जिव्हारी लागलं, आणि त्याच संध्याकाळी त्यांनी ऑपरेशनची तारीख घेतली.

तारीख घेणं सोपं होतं, माणूस मिळवणं अवघड. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. मुलगी विमानाने जावं लागेल इतक्या लांब. तिला नुकतीच नवी नोकरी लागलेली. कळलं असतं तर सगळं टाकून आली असती, म्हणून काकांनी तिला अवाक्षर कळू दिलं नव्हतं. आणि कुणाकडे काही मागायची त्यांना सवयच नव्हती. साखर संपली तर ते बिनसाखरेचा चहा पीत, पण समोरच्या दारावर टकटक करत नसत.

आता मात्र गत्यंतर नव्हतं. समोर शिवणकाम करणाऱ्या वहिनी राहत. काकांनी वाक्य मनातल्या मनात घासूनपुसून घेतलं आणि दार वाजवलं. वहिनींच्या तोंडात टाचण्या होत्या.

"वहिनी, मला सोबत हवी आहे."

वाक्यात व्याकरणाची एकही चूक नव्हती. पुढचं सगळं रामायण त्यातूनच घडलं.

वहिनींनी एकेक करून टाचण्या तोंडातून काढल्या. "बसा ना काका. हे कधीपासून मनात आहे?"

"खरं तर आधीच बघायला हवं होतं. आज करू, उद्या करू म्हणत राहिलो. आता अंधारून यायला लागलंय, तेव्हा म्हटलं उशीर नको."

वहिनींचे डोळे पाणावले. "मुलीला माहीत आहे?"

"छे. तिच्या कानावर जाऊ देऊ नका. एकदा सगळं उरकलं की मीच सांगेन."

"बरं. कशी हवी?"

काकांनी विचार केला. "धडधाकट असली म्हणजे झालं. जिना उतरताना हात धरता आला पाहिजे."

वहिनी काकांऐवजी लाजल्या. "बघते मी. घाई नाही ना?"

"गुरुवारच्या आत ठरलं तर बरं. मी तारीख घेऊन ठेवली आहे."

काका घरी आले ते पिसासारखे हलके होऊन. मागणं इतकं सोपं असतं हे आपल्याला आजवर कुणी सांगितलं कसं नाही, असं त्यांना वाटत राहिलं. तिकडे वहिनींची झोप उडाली. तारीखसुद्धा घेऊन बसलेत म्हणजे कमाल झाली, असं त्या नवऱ्याला म्हणाल्या. आणि अशी गोष्ट मुलीपासून लपवणं पाप आहे, असं दोघांचंही मत पडलं.

दोन दिवसांनी वहिनी आपल्या मावशीला घेऊन काकांकडे आल्या. नवरा गेल्यापासून मावशी गावाबाहेर एकट्याच रोपवाटिका चालवत. नखांत माती, आवाज खणखणीत, आणि आज अंगावर कडक इस्त्रीची साडी. साध्या कामासाठी बाई किती नीटनेटक्या आल्यात, म्हणून काकांना त्यांचं कौतुक वाटलं. "तुम्ही बोला निवांत," असं म्हणून वहिनी सटकल्या.

काकांनी चहा पुढे केला. "तुम्हाला आधीचा अनुभव आहे ना?"

मावशींनी पदर सारखा केला. "आहे. चांगलाच होता."

"त्रास नाही ना झाला?"

"सुरुवातीला थोडा. मग सवय झाली."

"माझ्याकडून तुम्हाला काहीच त्रास व्हायचा नाही. सगळा मिळून तासाभराचा मामला. मला घरी आणून सोडलंत की तुम्ही मोकळ्या."

मावशींनी कप खाली ठेवला. "तासाभरात?"

"जास्तीत जास्त दीड. तुम्ही नुसतं बाहेर बसायचं. आत काय करायचं ते डॉक्टर करतील."

"कुठले डॉक्टर?"

"मोतीबिंदूचे."

 मावशींचे खांदे हलू लागले, आणि हसता हसता त्यांना पदराने डोळे पुसावे लागले. काकांना कोडं उलगडायला थोडा वेळ लागला. उलगडलं तेव्हा त्यांचे कान लालबुंद झाले.

"पण मग तुम्ही... म्हणजे तुम्ही त्यासाठी आला होतात?"

"मी ‘नाही’ म्हणायला आले होते," मावशी म्हणाल्या. "भाची इतकं जीव तोडून सांगत होती. म्हटलं, नकार तरी समोर बसून द्यावा."

"आभारी आहे," काका म्हणाले.

तेवढ्यात फोन वाजला. मुलीचा होता. ऐकू कमी येतं म्हणून काका फोन नेहमी स्पीकरवरच ठेवत, तसाच आजही ठेवला.

"बाबा, वहिनींनी सांगितलं मला. मला राग नाही आलाय. उलट खूप बरं वाटलं. तुम्ही कुणाकडे तरी, काहीतरी मागितलंत."

"अगं, तसं काही नाही. मोतीबिंदूचं ऑपरेशन आहे. त्याला सोबत लागते."



"म्हणजे ऑपरेशन करून घेणार होतात, आणि मला सांगणार नव्हतात?"

"तू धावत आली असतीस."

"आले असते. त्यात काय वाईट होतं?" तिचा आवाज बारीक झाला. "लग्नाचं लपवलंत ते मी समजून घेतलं होतं, बाबा. डोळ्याचं कसं समजून घेऊ?"

 आपण मुलीला त्रासातून वाचवतोय, असंच काका इतकी वर्षं समजत आले होते. आपण तिला दाराबाहेर उभं केलंय असं तिकडून दिसत असेल, हे त्यांच्या ध्यानीमनीही नव्हतं.

मावशींनीच फोन जवळ ओढला. "मी वहिनीची मावशी बोलतेय. गुरुवारी मी जाते यांच्यासोबत. तू ये, जरूर ये, पण सावकाशीने रजा काढून ये. तोवर यांना दोन्ही डोळ्यांनी दिसशील."

मुलगी रडता रडता हसली.

गुरुवारी ऑपरेशन बिनबोभाट पार पडलं. मावशी बाहेरच्या बाकावर बसून राहिल्या. काका बाहेर आले तेव्हा मावशींनी काही न विचारता त्यांचा हात धरला आणि दवाखान्याचा जिना उतरवला. रस्त्यावर आल्यावरही तो सोडायचं कुणाच्या लक्षात आलं नाही. एका डोळ्याने चालताना रस्ता जरा तिरका वाटत होता, पण पडायची भीती वाटत नव्हती. कुणाच्या तरी आधाराने चालणं इतकं काही लाजिरवाणं नसतं, हे काकांना पटू लागलं होतं.

कोपऱ्यावर मावशी थांबल्या. "एक विचारू का? मलाही एका गोष्टीचा धीर होत नाहीये. वर्षभर टाळतेय. एकटीने नाही जमायचं. मला सोबत हवी आहे."

काकांचं पाऊल अडखळलं. त्यांनी घसा साफ केला. "कुठल्या अर्थाने?"

"दाढ काढायची आहे."

"हात्तिच्या. येईन की," काका म्हणाले.

मावशी पुढे चालू लागल्या. दाढ म्हटल्यावर आपण थोडे हिरमुसलो, हे काकांच्या लक्षात आलं. आणि निम्मा चेहरा पट्टीखाली झाकलेला आहे, याचं त्यांना फार बरं वाटलं.