कॉम्प्रेसरची विश्रांती

बस्त्याव सर कुणाच्याही घरी गेले की आधी फ्रिजला भेटतात, मग माणसांना. चपला दाराशी काढायच्या आणि थेट स्वयंपाकघर गाठायचं. खिशातून कागदाची पट्टी काढायची, ती फ्रिजच्या दारात धरून दार लावायचं आणि हलकेच ओढायची. पट्टी अडकली तर सर "शाबास" म्हणतात. ती शाबासकी फ्रिजला असते. पट्टी सुटून हातात आली, तर दाराचं रबर सैल झालं असं समजायचं आणि घरातल्या कर्त्या पुरुषाने मान खाली घालून उभं राहायचं. "इथून रात्रंदिवस थंडी गळतेय, आणि तुम्ही टीव्ही बघताय?"

आमच्या वास्तुशांतीला गुरुजींनी यजमानांना हाक मारली, तेव्हा यजमान, म्हणजे मी, सोवळ्यात फ्रिज पुढे ओढत होते. मागे हवा खेळायला वीतभर जागा हवी, असा सरांचा हुकूम होता. सर स्वतः वाकून, इस्त्रीच्या पांढऱ्या रुमालाने मागच्या जाळीवरची धूळ पुसत होते. गुरुजींनी विचारलं, हे कोण? मी म्हटलं, खालच्या मजल्यावरचे शेजारी. त्या रुमालाकडे पाहून गुरुजींना ते पटलं नसावं.

सर मूळचे नंदाखालचे. वसईतल्या एका शाळेत जन्मभर विज्ञान शिकवलं आणि निवृत्त झाल्यावर वसईतल्याच होळी भागातल्या आमच्या दुमजली इमारतीत तळमजल्याला राहायला आले. जगातली प्रत्येक गोष्ट ते विजेच्या युनिटमध्ये मोजतात. रविवारी चर्चमधून परतताना, फादरांचं प्रवचन आज निदान दोन युनिटचं झालं, असं सांगतात. माझ्या मुलीने एकदा फ्रिज उघडून, काय खावं याचा विचार करत उभं राहण्याची चूक केली. तेव्हा सर शांतपणे म्हणाले, "बाय, विचार बाहेर कर. आत नुसतं उचलायचं."

आता इतका काटेकोर माणूस या पावसाळ्यात अचानक उदार झाला, ही खरी गंमत.

त्यांच्या पत्नी, सेसीबाई, उन्हाळ्याच्या अखेरीस कॅनडाला मुलीच्या बाळंतपणासाठी गेल्या. त्यानंतर थोड्याच दिवसांत सर आमच्याकडे आले आणि म्हणाले, माझ्या फ्रिजमध्ये तुमचं काहीतरी ठेवा. रिकामा फ्रिज म्हणजे नुकसान. दार उघडलं की सगळी थंड हवा पायावर सांडते, आणि कॉम्प्रेसर पुन्हा पहिल्यापासून कामाला लागतो. भरलेल्या फ्रिजमध्ये थंडी वस्तूंना धरून बसते. मी म्हटलं, मग पाण्याच्या बाटल्या भरून ठेवा की. सर म्हणाले, "पाण्याचा अभ्यास झाला. अन्नाला तोड नाही."

माझ्या बायकोने त्याहून अवघड प्रश्न विचारला. एकट्या माणसाला फ्रिज लागतोच किती? महिनाभर बंदच ठेवला तर सगळंच बिल वाचेल. यावर सरांनी चहाचा कप उचलला आणि तो संपेपर्यंत खाली ठेवला नाही.

तर आमच्या भाज्या तळमजल्यावर जाऊ लागल्या. वरच्या सावंतांचं बोंबलाचं कालवणही गेलं. पण सरांकडे ठेवायचं म्हणजे साधं नव्हतं. पदार्थ पूर्ण गार हवा. भांडं काचेचं हवं. स्टीलच्या डब्यात आत काय चाललंय ते कळत नाही म्हणे. शिवाय पदार्थ कसा केला, याची तोंडी परीक्षा. डाळ कधी भिजवली? खोबरं कधी घातलं? खोबरं असलं की थंडी वेगळी बसते, हे विज्ञान आम्ही मुकाट्याने ऐकून घेतलं. आणि संध्याकाळी सात ते आठ फ्रिज सर्वांना बंद. ती कॉम्प्रेसरच्या विश्रांतीची वेळ.

एका संध्याकाळी आमच्याकडे न सांगता पाहुणे आले, तेही जेवायला. बायको म्हणाली, पडवळाची भाजी सरांकडे आहे, घेऊन या. घड्याळात सव्वासात वाजले होते. मी विश्रांतीचा भंग करायला निघालो.

सरांचं दार नुसतं ओढलेलं होतं. मी स्वयंपाकघरात डोकावलो, आणि माझा माझ्या डोळ्यांवर विश्वास बसेना. फ्रिजचं दार सताड उघडं. कॉम्प्रेसर घरघरतोय. आणि सर मोबाइल हातात धरून एकेका कप्प्यावरून फिरवत होते. पलीकडून सेसीबाईंचा आवाज येत होता. दोघं त्यांच्या घरच्या बोलीत बोलत होते. ती मला निम्मीच कळते, पण निम्मी पुरे होती. हे पडवळ, सर सांगत होते, चणाडाळ आदल्या रात्री भिजवली. हे बोंबील, सकाळी मीच साफ केले. सेसीबाईंनी खोबऱ्याचं विचारलं. गॅस बंद केल्यावर घातलं, सर म्हणाले. हे माझ्या बायकोचे शब्द होते, जसेच्या तसे.

ओट्यावर अर्धा पाव आणि केळ्याची सालं पडली होती. ती मोबाइलच्या पाठीमागे, न दिसतील अशी.

मोबाइल फिरवताना सेसीबाईंना मी दिसलो. मग त्या माझ्यासाठी शुद्ध मराठीत आल्या. "भाऊ, तुम्ही खरं सांगा. हे जेवतात ना नीट? बाळ अजून मान धरत नाही, पोरीला कामावर जायचंय. पण हे तिथे उपाशी असतील तर मी उद्या तिकीट काढते."

सर मोबाइलच्या मागून माझ्याकडे पाहत होते. जन्मभर निकाल लावणारा माणूस पहिल्यांदाच निकालाची वाट बघत होता.

मी म्हटलं, "वहिनी, आमच्या हिला पडवळ कुणी शिकवलं, विचारा की. सरांनीच."

त्या हसल्या. बराच वेळ हसल्या. मग म्हणाल्या, "मग पोरगी म्हणते तसं करते. नाताळ इकडेच करून येते."

"कर ना," सर म्हणाले. "इथे काय अडलंय?"

फोन बंद झाला. सरांनी काचेचं भांडं काढून माझ्या हातात दिलं आणि ओट्यावरची सालं गोळा करू लागले. मी म्हटलं, सर, पाहुण्यांशी बोलायला घरात माणूस कमी पडतोय, वर चला. ते नको नको म्हणाले. पण सदरा बदलून आले.

जेवताना पाहुण्यांनी भाजीची तारीफ केली. बायको काही बोलणार, तेवढ्यात सर म्हणाले, "पडवळ कोवळं बघून घ्यावं लागतं. नाहीतर मग काही खरं नाही."

बायकोने माझ्याकडे पाहिलं. मी भाताकडे पाहिलं. मग तिने पातेलं उचललं आणि सरांच्या ताटात भाजीची आणखी एक पळी वाढली.