न विझणाऱ्या कंदिलाची बातमी

लोणावळ्याच्या बाजारपेठेत पत्र्याचे काम करणाऱ्या फकरुद्दीनने १९३१ साली वाऱ्यात न विझणारा कंदील तयार केला. हा काही गुन्हा नव्हे. पण त्याने तो कोणालाही न विचारता केला. त्याचा धाकटा भाऊ सरदार रेल्वेत रुळांची देखभाल करणारा गँगमन होता. मागच्या पावसाळ्यात घाटात हातातला कंदील विझला, सरदार रुळांखालच्या मोरीत पडला आणि तीन महिने पाय बांधून घरी बसला. आता आषाढात त्याला पुन्हा रात्रपाळीवर जायचे होते. त्याच्या हाती हा कंदील असावा, एवढीच फकरुद्दीनची इच्छा होती.

परंतु गँगमनने घरचा कंदील वापरायचा नाही, असा नियम होता. आणि रेल्वेसाठी कंदील विकत घेणारे सामानखात्याचे साहेब 'व्यापारदीपिका' मासिकात ज्याची बातमी आली, त्याच मालाचा विचार करीत. फकरुद्दीनने मासिकाला कार्ड टाकले, "मी कंदील केला आहे. तो वाऱ्यात विझत नाही. येऊन पाहावे."

उत्तर छापीलच आले. मालकाने आपल्या मालाविषयी लिहिलेला मजकूर ही जाहिरात होय. बातमीसाठी काहीतरी घडलेले असावे, मान्यवर उपस्थित असावेत आणि मजकूर घटनेच्या दीड महिना आधी पोचावा.

फकरुद्दीन ते पत्र घेऊन वडगावला गेला. तिथे कचेरीबाहेर महिपती अर्जनवीस बसत.

"आबा, घडायच्या आदी कसं कळवायचं?"

"घडल्यावर लिवलं तर शिळं हुतं," महिपती चष्मा पुसत म्हणाले. "तू गप बस. मी लिवतो."

त्यांनी लिहिले, 'लोणावळे येथे नुकत्याच झालेल्या भव्य समारंभात सोसाट्याच्या वाऱ्यात कंदील प्रज्वलित करण्यात आला. पाचशे नागरिकांनी आळीपाळीने फुंकर घातली, परंतु तो कोणत्याही उपायाने विझला नाही. मान्यवरांनी समाधान व्यक्त केले.'

"आबा, वात खाली केली की इझतो की."

"ती बातमी न्हाई."

बातमी छापून आली. समारंभाला लागणारे मान्यवर काही जमेनात, म्हणून समारंभ राहिला तो राहिलाच. पण बाजारात जो भेटे तो समारंभाचे वर्णन करी. फकरुद्दीनची बायको खुर्शीदा म्हणाली, "अवो, असलं काय झालंच न्हाई." कापडवाला नथू तिला समजावून सांगू लागला, "वहिनी, तुमी घरात असाल. मी सोता दोनदा फुंकर मारली."

मग सामानखात्याचे तपासनीस मासिकाचे कात्रण घेऊन आले. घाटाच्या तोंडाशी कंदील ठेवला. तासाभरात वाऱ्याने त्यांची टोपी तीनदा उडवली, पण ज्योत हलली नाही. सरदार लंगडत आला होता. त्याचा चेहरा खुलला. शेवटी तपासनिसांनी वात खाली केली. कंदील विझला. त्यांनी कात्रण पुन्हा वाचले आणि शेरा मारला, 'माल छापील वर्णनाशी जुळत नाही. नापास.'

"सायेब, इझवता आला न्हाई तर दिवसा काय करायचं?" फकरुद्दीनने विचारले.

"ते मासिकाला विचारा. आम्ही फक्त ताडून पाहतो."

त्याच दिवशी तळेगावच्या अंबाजीचा कंदील तपासला गेला. त्याच्या बातमीत छापले होते, 'विझल्यास पुन्हा लावता येतो, ही याची खास सोय.' कंदील वाऱ्यात सात वेळा विझला आणि सातही वेळा लावता आला. वर्णन तंतोतंत जुळले. तपासनिसांनी अंबाजीचे अभिनंदन केले.

आषाढात सरदार अंबाजीचा कंदील घेऊन कामावर गेला. मेणकापडात गुंडाळलेली काडेपेटी त्याने कमरेला बांधली होती. फकरुद्दीनला संताप आला, पण तो कोणावर काढावा हे त्याला कळेना.

आता त्याचा कंदील त्याच्याच दुकानाबाहेर टांगलेला असतो. वारा सुटून पेठेतले बाकीचे दिवे गेले की लोक त्याखाली जमतात आणि 'व्यापारदीपिके'तली अंबाजीच्या कंदिलाची बातमी वाचतात. परवा एका गृहस्थाने ती वाचून संपवली, वर पाहिले आणि विचारले, "उजेड बरा आहे. कुणाचा हा?"

"माजाच."

"छापून आलंय का कुठं?"

हसू नका. फकरुद्दीनचा कंदील वाऱ्यात विझत नाही, हे तुम्हीही इथे नुसते छापलेलेच वाचलेत. आणि खरे मानलेत.