हँडल हातात आलं

कोझोलूपकी गावच्या सांस्कृतिक भवनातल्या शौचालयाचं दार आतून उघडताना रादोवान पेशेकच्या हातात हँडल आलं. नुसतं हँडल. दार होतं तिथेच राहिलं. त्याने ते परत भोकात खुपसून फिरवलं, तेव्हा पलीकडच्या फरशीवर काहीतरी टणकन पडलं. त्याने खिसे चाचपले. फोन कोटात होता, कोट हॉलमधल्या खुर्चीवर होता, आणि रादोवान दुपारच्या जेवणाला शेजारच्या गावी सासूबाईंकडे असायला हवा होता.

सासूबाईंचा, म्हणजे ब्लाझेनाबाईंचा, पंचाहत्तरावा वाढदिवस होता. "केक घेऊन येतो," एवढंच बायकोला, दागमारला, सांगून तो निघाला होता. केक घेतलाही होता. गाडीच्या डिकीत होता. पण वाटेत तो कोझोलूपकीला थांबला होता, आणि का थांबला ते घरी सांगायची सोय नव्हती.

तरुणपणी रादोवानने तीन मित्रांबरोबर एक कॉम्प्युटर गेम केला होता. माऊसने चित्रावर टिचक्या मारत खेळायचे ते जुने खेळ असत ना, त्यातला. दिसेल ते उचलायचं, भेटेल त्याच्याशी बोलायचं, आणि कुठली वस्तू कुठे लागू पडते ते डोकं खाजवत शोधायचं. नाव होतं 'मुकी घंटा'. एका मठाची घंटा वाजेनाशी होते आणि एका मधमाशीवाल्याला ती वाजवायची असते. दुकानांत तो खेळ जितक्या गुपचूप आला तितक्याच गुपचूप गेला. सासूबाई त्याला "जावईबापूंचं घंटेचं खूळ" म्हणत. पुढे रादोवान पाणीपुरवठा खात्यात चिकटला, आणि तेव्हापासून त्याची सही फक्त पार्सलवाल्यांनी मागितली होती.

म्हणूनच विस्मृत खेळ मंडळाच्या अध्यक्षांचा, हिनेकचा, फोन आला आणि तो म्हणाला, "साहेब, 'मुकी घंटा' म्हणजे आमचा जीव की प्राण, कोझोलूपकीच्या आमच्या मेळाव्याला याच," तेव्हा रादोवान लोण्यासारखा वितळला. "येतो की! एखादं छोटंसं कोडंही घालीन तुम्हाला," असं तो उत्साहाच्या भरात बोलून गेला.

आता त्याने दारावर धपाधप हात मारले. "अहो, कुणी आहे का? मी आत अडकलोय! हँडल निघालंय!"

बाहेर हिनेक आला. फरशीवर पडलेला लोखंडी तुकडा त्याने उचलला, निरखला, आणि हॉलकडे ओरडला, "अरे या रे सगळे! कोडं सुरू झालं!"

खुर्च्या सरकल्या. चाळीसएक माणसं शौचालयासमोरच्या बोळात येऊन दाटली.

"साहेब," हिनेकने अदबीने विचारलं, "हँडलबद्दल काय सांगाल?"

"निघालं म्हणून सांगितलं ना!"

"आणि दाराबद्दल?"

"बंद आहे! उघडा!"

"घंटेबद्दल काही?"

"अहो, कसली घंटा! दार उघडा!"

मंडळाची चिटणीस झोरा हिने कान दाराला लावला होता. ती म्हणाली, "तेच तेच बोलायला लागले. म्हणजे बोलण्यातून मिळायचं तेवढं मिळालं. आता वस्तू शोधा."

"अहो, हा खेळ नाहीये!" रादोवान किंचाळला.

बाहेर टाळ्या पडल्या. "हुबेहूब खेळातला मठाधिपती!" कुणीतरी गहिवरून म्हणालं.

मग भवनात जे जे खिळ्याने ठोकलेलं नव्हतं ते ते दारापाशी येऊ लागलं. पोछा आला, अकॉर्डियन आलं, भिंतीवरचं रानडुकराचं मुंडकं आलं. जे चपटं होतं ते दाराखालच्या फटीतून आत सरकू लागलं. आधी पट्टी, मग बिअरच्या ग्लासाखालचा पुठ्ठा, मग कागदावर ठेवलेला हॅमचा काप.

"याचं मी काय करू?" रादोवानने विचारलं.

"ते तुम्ही सांगायचं, साहेब."

रादोवान घाबरला की त्याला भूक लागे. त्याने हॅम खाल्लं.

"हॅम स्वीकारलं!" झोराने जाहीर केलं. एकच जल्लोष झाला. पाठोपाठ आणखी सात काप आत आले.

शेवटी रादोवानने आवाज शक्य तितका शांत केला. "हे बघा. गावात कुलपं दुरुस्त करणारा कुणीतरी असेल. त्याला बोलवा."

"नवीन पात्र!" हिनेक हरखला आणि तिघांना घेऊन धावत सुटला.

कुलपंवाला कुबेश गावच्या भट्टीवर आपल्या आलुबुखाऱ्यांच्या पिंपाशेजारी ठाण मांडून बसला होता. दारू गाळायला त्याचा नंबर लागायचा होता.

"मी हललो की तो फ्रांता मध्ये घुसेल," कुबेश म्हणाला. "पिंपापाशी कुणाला तरी बसवा. आणि सकाळपासून पोटात काही नाहीये, काहीतरी गोड आणा. मग येतो."

हिनेकचे डोळे भरून आले. जिवंत माणसाच्या तोंडून खेळातल्या पात्रासारखं इतकं नेमकं वाक्य त्याने आयुष्यात ऐकलं नव्हतं. एका सभासदाला त्याने पिंपाजवळ बसवलं आणि बाकीचे गोडाच्या शोधात निघाले. इकडे झोराला रादोवानच्या कोटात गाडीची किल्ली सापडली होती. किल्लीने डिकी उघडली. डिकीत केक होता आणि केकवर साखरेने लिहिलं होतं, 'ब्लाझेना'.

"साहेब," हिनेकने दाराबाहेरून विचारलं, "ब्लाझेना कोण?"

आतून क्षीण आवाज आला, "केकला हात लावू नका."

"म्हणजे केकच लागणार," झोरा म्हणाली.

"अहो, ती माझी सासू आहे! ती मला जिवंत ठेवणार नाही!"

"शेवटची राक्षसीण दिसतेय," हिनेक कुजबुजला, आणि केक भट्टीकडे रवाना झाला.

तेवढ्यात कोटातला फोन वाजला. झोराने उचलला.

"रादोवान, कुठे आहेस तू?" दागमारचा आवाज.

"ते आत बंद आहेत," झोरा म्हणाली. "त्यांना विचारायचं होतं ते सगळं विचारून झालंय. आता तुम्ही सांगा. ब्लाझेनाबद्दल तुम्हाला काय माहीत आहे?"

"तू कोण गं? माझ्या नवऱ्याचा फोन तुझ्याकडे कसा? आणि माझ्या आईशी तुला काय करायचंय? कुठे आहात तुम्ही? आईला घेऊनच येते!"

झोराने पत्ता दिला आणि मंडळींना सांगितलं, "ब्लाझेना स्वतः येतेय."

आधी कुबेश पोचला. मिशांना क्रीम, एका हातात अर्धा केक, दुसऱ्यात स्क्रू ड्रायव्हर. त्याने दार पाहिलं. "चार स्क्रू काढले की कुलूप हातात येतं," तो म्हणाला आणि वाकला.

"थांबा!" चाळीस जण ओरडले.

"काय झालं?"

"स्क्रू ड्रायव्हरने स्क्रू?" हिनेक दुखावल्या स्वरात म्हणाला. "इतकं सरळ उत्तर असतं का कधी? पेशेकसाहेबांच्या खेळात कुलूप उघडायला बदकाला शिंक आणावी लागायची! हा चकवा आहे."

"काढा हो स्क्रू!" आतून रादोवान रडकुंडीला आला. "मीच सांगतोय ना, काढा!"

"बघा, मोहात पाडताहेत," झोरा म्हणाली.

नेमक्या याच वेळी बोळाच्या तोंडाशी ब्लाझेनाबाई उभ्या राहिल्या. सणाची टोपी डोक्यावर, पर्स पोटाशी धरलेली, मागे लालबुंद दागमार. गर्दी दुभंगली. बाईंनी कुबेशच्या हातातला केक पाहिला. त्यावर आता फक्त 'ब्ला' उरलं होतं.

"जावईबापू आत आहेत का?" त्यांनी दाराला विचारलं.

"हो, आई," दार म्हणालं.

"एकटेच?"

"एकटाच हो! आणि भरपूर हॅम."

ब्लाझेनाबाईंनी कुबेशकडून स्क्रू ड्रायव्हर मागून घेतला. हिनेक आडवा येणार होता, पण त्यांच्याकडे बघून त्याने बेत बदलला. कुणीतरी खुर्ची दिली. बाई दारासमोर ऐसपैस बसल्या आणि त्यांच्या लक्षात एक गोष्ट आली. इतक्या वर्षांत जावई प्रथमच अशा जागी सापडला होता जिथून त्याला "जरा गाडी बघून येतो" म्हणत सटकता येणार नव्हतं.

"चार स्क्रू आहेत," त्या म्हणाल्या. "चार प्रश्न विचारते. खरं बोललात तर एकेक काढीन. माझ्या फाटकाला पोचा कुणी पाडला?"

"मी, आई. मागे घेताना."

पहिला स्क्रू खाली पडला. मंडळी श्वास रोखून बसली.

"माझा शेपूचा रस्सा तुम्हाला आवडतो की नाही?"

"नाही, आई. कधीच नाही. मी तो कुंडीत ओततो."

"तरीच ते झाड मेलं." दुसरा स्क्रू. "माझ्या वाढदिवसाला यायच्या आधी इथे कशाला आलात?"

"इथे कुणीतरी म्हणालं की मी काहीतरी चांगलं केलंय. ते ऐकायला आलो."

बाईंनी तिसरा स्क्रू काढला, पण या वेळी जरा हळू. मग पर्स मांडीवर ठेवली.

"आता शेवटचं. तुमच्या त्या खेळात मठाची एक स्वयंपाकीण आहे म्हणे. अवाढव्य, आवाज तोफेसारखा, मठाधिपतीला लाटण्याने मारते. दागमारच्या मावशीने सांगितलं होतं मला. ती कोण?"

आत रादोवानने ठिबकणारा नळ घट्ट बंद केला.

"तुम्ही, आई," रादोवान म्हणाला. "तुमची वाक्यंसुद्धा जशीच्या तशी घातली. संवाद लिहिणाऱ्याला पैसे द्यावे लागू नयेत म्हणून."

दागमारने डोळे मिटून घेतले. पण बाई काही बोलायच्या आत हिनेक त्यांच्यासमोर गुडघ्यावर बसला.

"'पाय पुस आणि मग मर!' हे तुमचं वाक्य?"

"माझंच," बाई म्हणाल्या. "आमच्या यांना म्हणायची मी. का?"

बोळात जे झालं त्याला चेंगराचेंगरीच म्हणावं लागेल. स्वयंपाकीण मंडळाची कुलदेवता होती. तिची वाक्यं त्यांना तोंडपाठ होती, दोघांनी ती दंडावर गोंदवून घेतली होती. बाईंना उचलल्यासारखं करून हॉलमध्ये नेलं, मंचावर बसवलं, पुढ्यात वाइन ठेवली. सह्या घ्यायला रांग लागली. "अजून एकदा म्हणा ना, आई," लोक विनवत होते, आणि ब्लाझेनाबाई तोफेसारख्या आवाजात म्हणत होत्या. दर वेळी टाळ्या. कुबेश पिंपाकडे परतला होता. स्क्रू ड्रायव्हर बाईंच्या पर्समध्ये होता.

बऱ्याच वेळाने बोळात पावलं वाजली. चौथा स्क्रू फिरला आणि दार उघडलं. दारात खुद्द ब्लाझेनाबाई होत्या, गाल लाल, टोपी वाकडी, मागे अख्खं मंडळ. हॅमचा वास मागे सोडत रादोवान बाहेर आला. त्याने केस सारखे केले, घसा खाकरला आणि हात पुढे केला.

हिनेकने त्या हातात कॅमेरा ठेवला.

"बरं झालं तुम्ही मोकळे झालात, साहेब," तो म्हणाला. "आम्हा सगळ्यांनाच आईंबरोबर फोटोत यायचंय, आणि काढायला कुणी उरलं नव्हतं."