मुळातले की आणलेले?

घड्याळवाल्याची बायको लेकीला घेऊन माहेरी गेली, ती काही भांडून नाही. लेकीच्या पाठीवर एका रात्रीत नऊ गांध्या उठल्या, तेव्हा तिने बॅग भरली आणि एवढंच म्हणाली, "या घरात एकतर ढेकूण राहतील, नाहीतर आम्ही. ठरलं की कळवा."

ठरवणार कोण? घरमालक काका. ते तळमजल्यावर राहायचे. चौतीस वर्षं कचेरीत आवक-जावक सांभाळून ते निवृत्त झाले होते, पण अजून नळ गळतो म्हटलं तरी अर्ज मागायचे.

"करार वाचा," काका म्हणाले. "घरात मुळात असलेल्या गोष्टी मालकाच्या, भाडेकरूने आणलेल्या भाडेकरूच्या. माझ्या घरात ढेकूण? शक्यच नाही! तुम्ही आणलेत."

"अहो काका, ढेकूण काय मी पिशवी घेऊन बाजारातून आणले?"

"ते मला माहीत नाही. लेखी द्या. पुरावा जोडा."

घड्याळवाला इरेला पेटला. डोळ्याला भिंग लावून, दुकानातल्या बारीक चिमट्याने त्याने पलंगाच्या फटींतून ढेकूण वेचले, बाटलीत भरले, अर्जाखाली लिहिलं, ‘सोबत : ढेकूण, नग बारा’, आणि खाली जाऊन काकांच्या सोफ्यावर बसला.

काकांनी चष्मा पुसला. "मोजून घ्यायला हवेत."

घड्याळवाला "अहो, अहो" म्हणेपर्यंत त्यांनी बाटली कोऱ्या कागदावर उपडी केली. ढेकणांना कसली आलीय कचेरीची शिस्त! ते वाट फुटेल तिकडे पांगले. एकाने चिमटा आणि दुसऱ्याने पट्टी घेऊन ते पुन्हा गोळा केले. भरले अकरा.

"अर्जात बारा, प्रत्यक्षात अकरा!" काका खूश. "अर्ज नामंजूर."

"बाराच होते! आजवर घड्याळाचा एक स्क्रू हरवला नाही माझ्या हातून, तिथे ढेकूण हरवेल?"

हात पुसत काकू बाहेर आल्या. "मग बारावा कुठंय?"

दोघेही सोफ्याकडे बघू लागले.

"अगं बाई!" काकू किंचाळल्या. "आताच्या आता औषधवाल्याला बोलवा. खालीही मारू दे आणि वरही. नाहीतर मी चालले माझ्या लेकीकडे!"

काकांनी अर्जबिर्ज काही न मागता मुकाट्याने फोन लावला. घड्याळवाल्याने जिन्यातूनच बायकोला फोनवर कळवलं, "ये गं, ठरलं. ढेकूण चालले." मागे लेकीचा बडबडण्याचा आवाज ऐकला आणि त्याला भरूनच आलं. तिचं माहेर दोन गल्ल्या सोडून, पण गेले आठ दिवस घर कसं खायला उठत होतं.

औषधवाल्याने सोफा उलटा केला, खालचं कापड फाडलं आणि दोन पावलं मागे सरला.

"आजोबा, एक हरवला म्हणालात ना? इथं तर अख्खं गाव वसलंय! हे आजचे नव्हेत. चांगले सहा महिने मुक्काम आहे यांचा."

घड्याळवाल्याला आभाळ ठेंगणं झालं. "ऐकलंत काका? मुळातले! सगळे तुमचे!"

काकांचा चेहरा पडला. पण मुरलेले कारकून ते, एवढ्याने थोडेच हार मानणार?

"रोज सकाळी आमचा पेपर वाचायला तासभर या सोफ्यावर कोण बसतं?"

"मी."

"आणि इथून उठून थेट वर पलंगावर जाऊन कोण लोळतं?"

घड्याळवाल्याचा हात आपसूक पाठ खाजवायला गेला.

"ढेकूण माझे, मान्य. पण वर आणलेत तुम्हीच!"

दारात लेकीला कडेवर घेऊन घड्याळवाल्याची बायको उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं.

"म्हणजे फुकटच्या पेपरापायी माझ्या पोरीच्या पाठीची चाळण केलीत तुम्ही?"

याचं उत्तर करारात कुठेच नव्हतं. तिने पाठ फिरवली आणि ती आणखी दोन दिवस माहेरीच राहिली.

औषधाचा वास गेला, बायको परत आली आणि वरच्या मजल्यावर स्वतःचा पेपर सुरू झाला. खाली काकूंनी रागाच्या भरात सोफा भंगारात दिला आणि पेपरही बंद केला. चार दिवस काकांनी कसेबसे काढले. पाचव्या दिवशी सकाळी, "काय म्हणतोय आजचा पेपर?" असं विचारत ते वर आले आणि पलंगाकडे वळले.

"या ना काका, बसा," घड्याळवाल्याची बायको अदबीने म्हणाली. "फक्त आधी गॅलरीत जाऊन पायजमा झटकून या."