आवाज पाच-नऊ

जगातली बहुतेक भांडणं माणसं एकमेकांचं ऐकून घेत नाहीत म्हणून होतात, हे सर्वमान्य आहे. हौशी रेडिओवाल्यांचं तसं नाही. आमचं सगळं आयुष्य ऐकण्यातच जातं. भांडणं त्यानंतर होतात.

ज्यांना हा छंद माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. सरकारी परीक्षा देऊन परवाना मिळवायचा, घरात रेडिओसंच मांडायचा, गच्चीवर उंच काठी उभारून तिला तारा लावायच्या आणि जगाच्या दुसऱ्या टोकाला असाच संच मांडून बसलेल्या अनोळखी माणसाशी बोलायचं. काय बोलता, असं घरचे विचारतात. आम्ही त्याला सांगतो की त्याचं आम्हाला ऐकू येतंय. तो सांगतो की आमचं त्याला ऐकू येतंय. मग धन्यवाद म्हणून दोघंही हेच तिसऱ्याला सांगायला निघतो. याला जागतिक बंधुभाव म्हणतात.

'जगभरचे हौशी रेडिओवाले हे एक कुटुंब आहे' असा ठराव आमच्या क्लबच्या वार्षिक सभेत नऊ वर्षं मांडला जात होता आणि नऊ वर्षं बारगळत होता, कारण कुटुंबात कोणाला घ्यायचं यावर एकमत नव्हतं. टकटक गटाच्या मते बोटाने टकटक करून एकेक अक्षर पाठवणारा तोच खरा. तोंडाने काय, कोणीही बोलतं. तोंडी गटाच्या मते टकटकवाल्यांना सुतारकाम शिकायचं होतं, ते राहून गेलं. संगणक गटाने आपला संगणक दुसऱ्याच्या संगणकाशी परस्पर बोलेल अशी सोय केली आहे. (ते स्वतः त्या वेळी चहा पितात. त्यांचं परदेशात आजवर एकाशीही बिनसलेलं नाही.) तिन्ही गट सभेत वेगवेगळ्या रांगांत बसतात आणि एकमेकांच्या लग्नाकार्याला जात नाहीत. सातासमुद्रापलीकडच्या कोणाबद्दल मात्र कोणाचीच तक्रार नाही. ज्याला भावकी आहे त्याला हे वेगळं समजावायला नको.

एका बाबतीत तिन्ही गट एक आहेत. पलीकडच्याचा आवाज कसा येतोय याचे मार्क द्यावे लागतात. पहिला आकडा शब्द किती कळले याचा, तो पाचपैकी. दुसरा आवाजाच्या जोराचा, तो नऊपैकी. म्हणजे 'पाच-नऊ' याचा अर्थ तुमचा शब्द न् शब्द कळला आणि आवाज खणखणीत आहे. क्लबच्या स्थापनेपासून कोणीही कोणालाही याहून कमी मार्क दिलेले नाहीत. "आवाज पाच-नऊ येतोय, फक्त तुमचं नाव, गाव आणि बाकीचं काय म्हणालात ते कळलं नाही," हे आमच्यातलं नेहमीचं वाक्य आहे. दुसऱ्याचं मन मोडू नये ही त्यामागची भावना, आणि ती उदात्त आहे.

आमचे चष्मेवाले काका या परंपरेतले आदर्श सभासद. चष्म्याचं दुकान त्यांनी विकलं, काकूही गेल्या, आणि तेव्हापासून ते संचासमोर असतात. जगातल्या इतक्या लोकांशी बोलणारा माणूस आमच्या भागात दुसरा नाही. शेजारी फक्त बोलत नाहीत. शेजारी म्हणजे दातांच्या डॉक्टरीणबाई. काका बोलायला लागले की त्यांचा आवाज बाईंच्या दवाखान्यातल्या स्पीकरमधून बाहेर पडतो, पेशंटला शांत वाटावं म्हणून लावलेल्या संगीताच्या ऐन मध्ये. अकरा वर्षं बाईंनी तक्रारी केल्या. क्लबने प्रत्येक तक्रार आस्थेने ऐकली.

यंदाच्या स्पर्धेच्या शनिवारी काका गच्चीवर बसले होते. (एका दिवसात जास्तीत जास्त लोकांशी बोलायचं अशी ही स्पर्धा असते. प्रत्येकाला पाच-नऊ द्यायचे, स्वतःचा क्रमांक सांगायचा, की झालं. घराबाहेर बॅटरीवर बसणाऱ्याला दुप्पट गुण.) दुपारी काठीचा लोखंडी पाया घसरला आणि काका त्याखाली सापडले. मोबाइल खाली चार्जिंगला होता. फोनवर विसंबणं आमच्यात कमीपणाचं समजतात. 'सगळं बंद पडतं तेव्हा आम्ही चालू असतो' हे क्लबचं ब्रीदवाक्य असून ते टोप्यांवर छापलेलं आहे.

सुदैवाने माइक हाताशी होता. काठी आडवी पडूनही, किंवा पडल्यामुळेच, त्या दिवशी काकांचा आवाज चार खंडांत पोहोचला. असा योग वर्षानुवर्षं येत नाही.

"मी गच्चीवर पडलोय," काका म्हणाले. "डावा पाय लोखंडाखाली अडकलाय. कोणीतरी माझ्या गावच्या पोलिसांना कळवा."

"पाच-नऊ. तुमचा क्रमांक?"

"क्रमांक नाही हो, पाय."

"पाच-नऊ, धन्यवाद. पुढचा कोण?"

पुढच्या दीड तासात काका तीनशेहून अधिक लोकांशी बोलले. बोटीवरच्या एकाने त्यांना शुभेच्छा दिल्या. एकाने 'पाय' ही कोणत्या देशाची खूण आहे अशी चौकशी केली. आमचे अध्यक्षही त्यात होते. ते दोन गल्ल्या सोडून राहतात. त्यांनी काकांचा आवाज लगेच ओळखला. "वा काका, आज जोरात आहात," ते म्हणाले. "पाच-नऊ."

शेवटी काकांनी मदत मागणं सोडलं आणि नुसतेच बोलत राहिले. घसा सुकलाय, ऊन कलायला लागलंय, ही असती तर एव्हाना जिन्यातून हाक मारली असती, असं काहीतरी. त्यालाही पाच-नऊ मिळाले.

बाईंच्या स्पीकरमध्ये काकांचा आवाज स्वच्छ येत नाही. तोंडात बोळा कोंबल्यासारखा येतो. परंतु तोंडात बोळा असलेल्या माणसाचं बोलणं समजून घेणं हा बाईंचा रोजचा धंदा आहे. दवाखाना उघडून त्यांनी पहिल्या पेशंटच्या दाढेला हात घातला होता. तो थांबवून त्या म्हणाल्या, "हे काका आज रडतायत."

पेशंट आ वासून बसलेला होता. बाई त्याला तसाच घेऊन वर गेल्या. दोघांच्या गच्च्यांमधला कठडा ओलांडून त्यांनी लोखंड उचललं. (पेशंट फर्निचर हलवण्याच्या कामातला निघाला.)

"अहो, मला हाक मारायची ना," बाई म्हणाल्या.

"तुम्ही बोलत नाही म्हणून..." काका म्हणाले.

"बोलत नसले तरी ऐकते ना. अकरा वर्षं ऐकतेय."

आणखी तासभर उशीर झाला असता तर पाय गेला असता, असं इस्पितळात सांगण्यात आलं. काकांच्या उजव्या पायाला गुडघ्यापर्यंत प्लास्टर घालण्यात आलं. क्लबला अतिशय वाईट वाटलं. तशी इतिवृत्तात नोंद आहे.

तातडीची सभा झाली. काका स्पर्धेत पहिले आले होते, पण मदत मागताना झालेलं संभाषण हे संभाषण धरायचं का, यावर वाद झाला. टकटक गट म्हणाला, टकटक केली असती तर ही वेळ आली नसती. संगणक गटाने निदर्शनास आणलं की त्यांच्या पद्धतीत काका बेशुद्ध असते तरी गुण मिळत राहिले असते. तोंडी गट म्हणाला, तीनशे लोकांनी पाच-नऊ दिले, म्हणजे जागतिक कुटुंबाने त्यांचं ऐकलंच की. बाईंनी परवाना नसताना संदेश ऐकल्याबद्दल त्यांना नोटीस द्यावी अशीही सूचना आली. ती मोठ्या मनाने मागे घेण्यात आली. उलट, कृतज्ञता म्हणून त्यांच्या स्पीकरला क्लबच्या खर्चाने फिल्टर बसवावा, म्हणजे काकांचा आवाज त्यांना यापुढे कधीही ऐकू येणार नाही, असं ठरलं.

काका कुबड्यांवर उभे राहिले. "ते राहू द्या ना," ते म्हणाले. "जातोय त्यांच्याकडे आवाज, तर जाऊ द्या."

"ऐकलं काका," अध्यक्ष म्हणाले. "पाच-नऊ."

फिल्टर बसवायला गेलो तेव्हा बाईही म्हणाल्या, "आता कशाला? निदान कळतं तरी, ठीक आहेत ते." आम्ही त्यांचं म्हणणं शांतपणे ऐकून घेतलं आणि फिल्टर बसवून आलो. त्याच महिन्यात कुटुंबाचा ठराव एकमताने मंजूर झाला. काका हल्ली संध्याकाळी संच लावतात. त्यांचा आवाज उत्तम येतो, असं जगभरातून कळवतात.

इथवरचा मजकूर छापण्याआधी मी सर्व सभासदांना वाचायला पाठवला होता. सगळ्यांचं उत्तर आलं : छान, उत्तम, मनाला भिडलं. शिष्टाचार म्हणून एक प्रत बाईंना दिली, तर त्यांनी वाचताच विचारलं, "काकांचा पाय डावा अडकला होता ना? मग प्लास्टर उजव्याला कसं?"

मी काही दुरुस्ती केलेली नाही. तुम्हीही आत्ताच त्यावरून गेलात. दुखरा पाय तसाच ठेवून चांगल्या पायाला प्लास्टर घातलं, आणि तुम्ही पुढच्या ओळीवर आलात. मनाला लावून घेऊ नका. क्लबात जागा आहेत आणि परीक्षेतला ऐकण्याचा भाग तुम्ही पास झाला आहात. पाच-नऊ, धन्यवाद. पुढचा कोण?