मलप्पाचं मस्टर

मलप्पाबद्दल लिहायचं मी वीस वर्षं टाळत आलो. कधी डोळ्यांचं ऑपरेशन आडवं आलं, कधी नातीचं लग्न, कधी काहीच नाही. खरं कारण असं की, मलप्पाच्या गमती सांगायला बसलं की त्या संपता संपता माझ्या चोरीपाशी येतात. आता पंचाहत्तरी उलटली. सांगून टाकतो.

मलप्पा सोलापुरात आमच्या कॉलेजच्या ग्रंथालयात शिपाई होता, आणि तो कादंबऱ्यांची हजेरी घ्यायचा. म्हणजे अक्षरशः घ्यायचा. ऑफिसातली मस्टरची जुनी कोरी पानं त्यानं जमवून ठेवली होती. कादंबरी हातात घेतली की डावीकडे एकाखाली एक पात्रांची नावं लिहायची, वर तारखांच्या जागी प्रकरणांचे आकडे. पात्र आलं की 'ह', नाही आलं की 'गै'. शेवटी शेऱ्याचा रकाना. पात्र मेलं की 'सेवा समाप्त'. शेवटच्या प्रकरणात अचानक उगवून सगळ्यांचे प्रश्न सोडवणारा श्रीमंत मामा असला, तर त्याच्यापुढे 'वशिल्याने भरती'.

एकदा असंच एक मस्टर घेऊन तो स्टाफरूममध्ये आला. नायिकेच्या धाकट्या भावापुढे शेरा होता, 'दुसऱ्या प्रकरणात ताप. त्यानंतर सतत गैरहजर. अर्ज नाही.'

"सर, ह्या पोराचा ताप उतरला का?"

"मलप्पा, ती कादंबरी त्याच्याबद्दल नाहीये रे."

"मग ताप कशाला आणला?"

एम.ए.ला पहिला वर्ग मिळवला होता, पण हा प्रश्न पेपरात कधी आला नव्हता.

नायकांमध्ये त्याला रस नसे. "त्याचं काय, सर. त्यो रोज येतोयच की. कायम नोकरी हाय त्याची." त्याचा जीव अडकायचा तो एका पानापुरत्या आलेल्या माणसांत. पाचव्या प्रकरणातला टांगेवाला आणि अकराव्या प्रकरणातला टांगेवाला एकच की वेगळे, यासाठी त्यानं मला आठवडाभर छळलं. मी वैतागून म्हणालो, "काय फरक पडतो?"

"त्येला पडतो की."

आम्ही प्राध्यापक मंडळी हसायचो. "मलप्पा, आमच्या डिपार्टमेंटचं मस्टर कर एकदा," असं कुणी म्हणालं की तो गंभीरपणे म्हणे, "नको सर. लई लाल शाई लागंल."

एकदा मी टी.वाय.च्या वर्गात एका कादंबरीवर बोलत होतो. नायकाचा एकाकीपणा हा माझा हुकमी विषय. पोरं वहीत 'एकाकीपणा' लिहून त्याच्याखाली दोन दोन रेघा मारत होती. मलप्पा प्राचार्यांची नोटीस घेऊन दारात उभा होता. मी सही करेपर्यंत तो गप्प राहिला असता, तर पुढचं काही घडलं नसतं.

"एकटा कुटं हाय त्यो, सर?"

पोरांनी दाराकडे माना वळवल्या.

"सैपाकीणबाई हाय, माळी हाय, डायवर हाय. सतरा प्रकरणं हजर हायत. ह्यो त्यास्नी मानसांतच धरत न्हाय, म्हणून एकटा."

वर्ग खो खो हसला. मग मागच्या बाकावरची एक मुलगी ते वाक्य वहीत उतरवून घेऊ लागली. माझं एकही वाक्य तिनं आजवर उतरवलं नव्हतं. "नोटीस झाली ना? नीघ आता," असं मी मलप्पाला म्हणालो.

घरी येऊन मी ती कादंबरी पुन्हा काढली. चार वर्षं शिकवत होतो, पण माळ्याचं नाव आठवेना. त्याला नाव होतं.

दुसऱ्या दिवशी मी मलप्पाकडे सगळी मस्टरं मागितली. 'बघून देतो,' म्हणालो. त्यानं ती वर्तमानपत्रात गुंडाळून, सुतळीनं बांधून घरी आणून दिली. "न्या की सर. इतकी वर्षं झाली, कुणी मागितलीच न्हवती."

दीड वर्षात माझा ग्रंथ तयार झाला. मलप्पाच्या 'गैरहजर'चं मी 'अनुपस्थितीचं राजकारण' केलं. 'वशिल्याने भरती'ची 'कथानकीय सोय' झाली. टांगेवाला 'अनामिक श्रमिक' झाला, आणि तो एकच की दोन, यावर मी एक अख्खं प्रकरण लिहिलं. विद्वानांनी 'मराठी समीक्षेला नवी दृष्टी' असं म्हटलं. मला विभागप्रमुखपद मिळालं.

सुरुवातीच्या ऋणनिर्देशात सोळा माणसं आहेत. पत्नी, प्राचार्य, मुद्रक, शीर्षक सुचवणारा साडूसुद्धा. मलप्पा नाही. विसरलो, असं मी पुढं स्वतःला सांगत राहिलो. पण विसरलो नव्हतो. पहिल्या खर्ड्यात त्याचं नाव होतं. शिपायाचं नाव पाहून विद्वान काय म्हणतील, असं मनात आलं आणि मी ते खोडलं.

प्रकाशन कॉलेजच्या हॉलमध्येच झालं. सतरंज्या मलप्पानं घातल्या, हारांचं तबक मलप्पानं धरलं. कादंबरीत पाणी आणून देणारी माणसं आपल्याला कशी दिसतच नाहीत, यावर मी पाऊण तास बोललो. मध्ये घसा कोरडा पडला, तेव्हा मलप्पानं आणून ठेवलेलं पाणी प्यायलो आणि पुढं बोललो. भाषण संपल्यावर पहिली टाळी दारातून आली. तिथं तोच उभा होता.

ग्रंथ वाचायला त्याला आठ दिवस लागले. "लई अवघड लिवलंय, सर. पर बराबर हाय," एवढंच म्हणाला. मस्टरं त्यानं परत मागितली नाहीत आणि मी दिली नाहीत. नवं मस्टर करतानाही तो पुन्हा दिसला नाही. एकदा विचारलं तर म्हणाला, "आता तुमी करताय की."

पुढं तो निवृत्त होऊन मंद्रूपला, आपल्या गावी गेला. दोन वर्षांनी मीही निवृत्त झालो, पण त्याला भेटायला कधी गेलो नाही. गेल्या वर्षी मात्र राहवेना. एसटीत बसलो. काय बोलायचं ते पाठ केलं होतं. वाटेत ओठांतल्या ओठांत म्हणत होतो, तर शेजारची म्हातारी म्हणाली, "परीक्षा हाय व्हय, अण्णा?"

मलप्पा दारात खाटेवर बसला होता. खूप वाळला होता, पण मला लांबूनच ओळखलं. सुनेनं चहा देता देता तक्रार केली, "जरा सांगा ह्यांना, सर. टीवीवरची शिरेल बगू देत न्हाईत. त्यातली धुणंवाली तीन दिस झालं दिसली न्हाय, म्हणून काल जेवलेच न्हाईत."

"मग? कुणी इचारायचं तिला?" मलप्पा म्हणाला.

मी वाक्य जुळवलं. म्हणालो, "मलप्पा, तुला एक सांगायचं होतं. त्या माझ्या पुस्तकाचं..."

"थांबा सर, थांबा!" म्हणत त्यानं शेजारच्या चौघांना हाका मारून बोलावलं. "या रे. हे आमचे सर. लई मोठं पुस्तक हाय ह्यांचं. मला वाचायला कुणी शिकवलं? ह्यांनी! न्हायतर मी नुसती पुस्तकांवरची धूळ झटकत हुतो."

"व्हय का, सर?" एकानं विचारलं.

सगळे माझ्याकडे बघत होते. मी मलप्पाच्या चेहऱ्यावर टोमणा शोधला. असता तर बरं झालं असतं. नव्हता.

मी म्हणालो, "मलप्पा मुळातच हुशार होता."

"बगा! सर म्हनले!" मलप्पा एवढा खूश झाला की त्यानं मला दुसरा चहा पाजला.

संध्याकाळी तो काठी टेकत थांब्यापर्यंत आला. "परत या, सर. हितं मानसं लई हायत, पर पुस्तकातल्या मानसांबद्दल बोलायला कोन न्हाय. सुनंला सांगाय गेलं तर म्हणती, असली नसलेली मानसं घरात आणू नका." एसटी आली. पुढच्या खेपेला नक्की सांगू, असं ठरवून मी चढलो. चार महिन्यांनी त्याच्या मुलाचा फोन आला. मलप्पा गेला होता.

त्या दिवशी त्या चौघांसमोर मला म्हणायचं होतं ते असं. मलप्पा, तुम्ही उलटं सांगताय. वाचायला तुम्ही मला शिकवलंत. ते पुस्तक तुमचं आहे. त्यात तुमचं नाव होतं, ते मी माझ्या हातानं खोडलं. मला माफ करा.